तोफखान्यात १७ वर्षं काढली, पण सुतळी बॉम्ब सहन होत नाही. व्याह्यांना कसं सांगू?

गिरणाकाठचा फौजी (ता. भडगाव)

राम राम मंडळी. प्रश्न चार ओळींचा आहे, पण लिहायला घेतल्याला तीन दिवस झाले.

माघात मुलीचं लग्न आहे. व्याही पारोळ्याकडचे, माणसं चांगली आणि हौशी. गेल्या आठवड्यात यादी झाली, सगळं समजुतीने पार पडलं. उठता उठता व्याही म्हणाले, "मेजर, नवरदेव मारुतीच्या देवळापासून तुमच्या मांडवापर्यंत असा आणू की गाव हादरलं पाहिजे. नुसत्या फटाक्यांचे पंचवीस हजार धरलेत." सगळे हसले, मीही हसलो. हातातली कपबशी मात्र खाली ठेवावी लागली, ती वाजायला लागली होती.

मला फटाका सहन होत नाही. हे कोणत्या तोंडाने सांगू, एवढंच विचारायचंय. कारण मी तोफखान्यातला आहे. (आणि मेजर वगैरे काही नाही, नाईक म्हणून निघालो. आमच्या गावात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो.)

१९९४ ला भरती झालो, नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला ट्रेनिंग केलं, २०११ ला पेन्शन घेऊन घरी आलो. ९९ साली लान्स नाईक होतो, बोफोर्स तोफेवर लेअर. म्हणजे तोफेची दिशा आणि उंची लावणारा. त्या वर्षी सुट्टीवर होतो, आखाजी (अक्षय तृतीया) घरी केली होती, लग्नाला सहा महिने झालेले. २६ मे ला कारगिलमध्ये विमानांचा मारा सुरू झाला आणि त्याच आठवड्यात तार आली. जळगावला झेलममध्ये चढलो तर डबाभर सुट्टीवरून परत बोलावलेलेच. आईने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता, तो झाशी यायच्या आत सगळ्या डब्याने मिळून संपवला.

द्रासची उंची १०,८०० फुटांच्या आसपास. पहिले दोन दिवस बुटाची नाडी बांधली तरी धाप लागायची, आणि गोळा एकेक ४३ किलोच्या घरातला, सिमेंटच्या गोणीपेक्षा जरासा हलका. रात्रभर उचला, भरा, सोडा. तोफा हायवेच्या जवळ लावलेल्या, समोर डोंगर, आणि डोंगरावर पाकिस्तानचा माणूस दुर्बीण लावून बसलेला. आपण मारलं की उत्तर येणार, हे धरूनच चालायचं.

लोक म्हणतात, एवढ्या तोफेशेजारी उभा राहिलास आणि पाच रुपयांच्या फटाक्याला भितोस? त्यांना कसं समजावू. आपली तोफ उडते तेव्हा नंबर वन, म्हणजे तोफेचा प्रमुख, आधी ‘फायर’ म्हणतो. कानात कापूस, तोंड उघडं, पाय रोवलेले, अंगाला माहीत असतं. तो आवाज आपला असतो. समोरून येणारा सांगून येत नाही. लांब जाणारा शीळ घालत डोक्यावरून जातो, त्याचं काही वाटत नाही. जवळ पडणाऱ्याची शीळ निदान मला तरी कधी ऐकू आली नाही. सुतळी बॉम्ब तसाच असतो. पाठीमागून, न सांगता.

जूनचा शेवट होता. तोलोलिंगचं शिखर १३ तारखेला आपल्याकडे आलेलं, टायगर हिल बाकी होता. आमच्या तोफेवर पाणी आणायची पाळी असायची. साठ-सत्तर पावलांवर नाला, तिथून जेरीकॅन भरून आणायचा. पाळीवरून कटकट नको म्हणून दारूगोळ्याच्या पेटीच्या झाकणावर खडूने सगळ्यांची नावं लिहिली होती. पाणी आणलं की आपल्या नावापुढे एक रेघ. त्या दिवशी पाळी माझी होती. मी रात्रभर साइटला डोळा लावून होतो, पहाटे आडवा झालो. आमचा लोडर, राजस्थानचा पोरगा, असेल २१-२२ वर्षांचा, त्याने मला उठवलं नाही. जेरीकॅन घेऊन तोच गेला. गोळा नाल्यात पडला.

पुढचं लिहीत नाही. दुपारी फायर मिशन आलं, पेटी उघडायला वाकलो तर माझ्या नावापुढे नवीन रेघ होती. जाण्याआधी माझी हजेरी लावून गेला होता. म्हणजे हिशेबाने त्या दिवशी पाणी मीच आणलंय.

३ जुलैच्या रात्री टायगर हिलवर जे झालं ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. मी त्यात होतो, हात काम करत होते. २६ जुलैला संपलं म्हणून जाहीर झालं, बडा खाना झाला. घरी आलो तेव्हा आई शेजारणीला म्हणाली, "मना आंडोर घर उना, पन अर्धाच उना." (माझा मुलगा घरी आला, पण अर्धाच आला.) तिला वाटलं मला ऐकू जाणार नाही, कारण कान तेव्हापासूनच कमी. डाव्या कानात रातकिडे बसलेत ते अजून उठलेले नाहीत. पण हे वाक्य नेमकं ऐकू आलं.

२००७ च्या दिवाळीत सुट्टीवर होतो. ओट्यावर आरसा ठेवून दाढी करत होतो. भावाच्या मुलाने, सहा वर्षांचं पोर, मागे येऊन बॉम्ब लावला. मला कळलं तेव्हा पोरगं जमिनीवर पडलेलं आणि त्याच्या गालावर माझी पाच बोटं. मधलं मला आठवत नाही. तेव्हापासून दिवाळीत मी मळ्यात झोपतो. घरचे सांगतात, रानडुकरं येतात म्हणून फौजी राखण करतो. रानडुकरं येतातही, मक्याचा सत्यानाश करतात, पण त्यांना हाकलायला शेजारचा फटाके वाजवतो. म्हणजे बघा.

आणखी एक. पाटाचं आवर्तन सुटलं किंवा रात्रीची लाईट असली की गव्हाला पाणी भरायला भाऊ आणि मी आळीपाळीने जातो. माझ्या पाळीला मी अंगात ताप असतानाही गेलोय. एकदा मला झोप लागली म्हणून भाऊ न सांगता गेला, तर रात्री दोन वाजता शेतात जाऊन त्याच्या हातातलं फावडं हिसकून फेकलं. चार महिने बोलणं बंद होतं. त्याला वाटतं मी हिशेबी आहे, पाण्याचा थेंबन् थेंब मोजतो. खरं कारण त्याला माहीत नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय, तोंड दिसत नाही म्हणून.

कॅन्टीनच्या रमवर बरीच वर्षं काढली, सहा वर्षांपूर्वी सोडली. झोप दोन-तीन तास. एका ठिकाणी दाखवलं होतं, त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि देवाचं नाव घ्या म्हणाले. देवाचं नाव तर घेतोच, मुक्ताईला पायी जातो.

तर सांगा. मांडवात मुलीचा बाप दिसला नाही तर लोक काय म्हणतील? आणि मी उभा असलो, मागून वाजला आणि समोर नवरदेव असला तर?

केळीवाला_रावेर

काका, कानात बोळे घाला आणि वरून मफलर. माघात थंडी असतेच, कुणाला कळणार पण नाही. बाकी तुमच्यासारख्यांमुळे आम्ही निवांत झोपतो, जय हिंद. एक विचारू का, किती लोळवले?

गिरणाकाठचा फौजी

मफलरचं वाईट नाही. दुसऱ्याचं उत्तर: तोफेवाल्याला कळत नाही रे भाऊ. गोळा डोंगरापलीकडे जातो. ओपी, म्हणजे पुढे बसून गोळा कुठे पडतो ते बघणारा, रेडिओवर आकडे सांगतो, इतकं डावीकडे, इतकं पुढे, आणि मग म्हणतो लागला. आम्ही फक्त आकडे ऐकले. शाळेत २६ जानेवारीला भाषणाला बोलावतात तेव्हा पोरंही हेच विचारतात. त्यांना मी भूगोल सांगतो, झोजिला किती फूट वगैरे.

धुळ्याची सून

भाऊ, तुमचं वाचता वाचता माझं दूध उतू गेलं.

वहिनींना, म्हणजे तुमच्या बायकोला, माहीत नाही असं तुम्ही म्हणता. २६-२७ वर्षं एका घरात झोपणाऱ्या बाईला माहीत नसेल? कारण माहीत नसेल, बाकी सगळं माहीत असणार. आमचे ‘हे’ पण फौजेत होते. सुट्टीत आले की रात्री तीन-तीनदा उठून कडी बघायचे. पहिल्या वर्षी मी झोपेतून उठवायला खांद्याला हात लावला तर मनगट असं धरलं की आठ दिवस भाकरी थापता आली नाही. सासूला सांगितलं, विहिरीवर घसरले. तेव्हापासून हात लावत नाही. पायथ्याशी उभी राहते, दिवा लावते आणि अहिराणीत बोलते, "मी शे, काही नई व्हयनं." (मी आहे, काही नाही झालं.) अहिराणीतच. मराठीत बोललं तर त्यांना ऑफिसातलं कुणी बोलल्यासारखं वाटतं, घरातलं वाटत नाही.

आता तुमचा प्रश्न. पुरुषांनी पुरुषांना सांगितलं की छाती फुगवणं येतंच. विहीणबाईंना वहिनीच सांगू देत. मानपानाच्या साड्या बघायला दोघी बसतीलच, तेव्हा. आणि मोठी कहाणी सांगायची गरज नाही. पंगतीत कुणी "शुगर आहे" म्हणालं की आपण जिलेबीचं ताट पुढे सरकवतो, का कशाला विचारत नाही. तसंच, "त्यांना फटाका चालत नाही, लढाईचं आहे", बस.

आणि त्या पुतण्याशी बोललात का कधी? आता तो चोवीस-पंचवीसचा असेल. त्याला काय सांगितलंय, काका तापट आहे म्हणून?

सातपुडा_पायदळ (चोपडा)

राम राम दादा. मी पायदळातला. राष्ट्रीय रायफल्समध्ये अडीच वर्षं काश्मीरमध्ये कुपवाड्याला होतो. आमच्या लढाईला २६ जुलै नाही, ना सुरू झाल्याची तारीख ना संपल्याची, म्हणून शाळेतही कुणी बोलावत नाही. तेवढी सुटका आहे.

नोकरीत असताना मी कुणाला बोललो नाही. शेप, म्हणजे फौजेतली मेडिकलची श्रेणी, त्यातला पहिला एस मनाचा, तुम्हाला माहीत आहे. मनाची कॅटेगरी लागली की हत्यार काढून घेतील, प्रमोशन अडेल, बॅरेकमध्ये नाव पडेल, ही भीती. मेडिकलला डॉक्टरने "झोप कशी आहे" विचारलं की आपण म्हणायचं "फर्स्ट क्लास सर". सगळे तेच म्हणायचे.

घरी आल्यावर दोन वर्षांनी बायकोनेच ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं) कार्ड काढून हातात ठेवलं आणि पॉलिक्लिनिकच्या रांगेत उभी राहिली. तिथून रेफर होऊन नाशिकला मनोविकारतज्ज्ञ भेटले. त्यांनी सर्ट्रालीनची गोळी सुरू केली. पहिले तीन-चार आठवडे काही फरक नाही, उलट पोट बिघडलं, फेकून देणार होतो. दीड-दोन महिन्यांनी एक दिवस लक्षात आलं की दुपारच्या एसटीत मला डुलकी लागली होती. कंडक्टरने उठवलं आणि मी त्याला मारलं नाही.

खरं काम मात्र गोळीने झालं नाही, बोलण्याने झालं. दर बुधवारी दीड तास. डोळे मिटून तो एक दिवस सांगायचा, पण असा की आत्ता चाललाय. "दार ढकललं" म्हटलं की बोलणं घेणाऱ्या मॅडम थांबवायच्या. "ढकलतोय" म्हणा. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज एकदा ऐकायचं, गोठ्यात बसून, म्हशींसमोर. पहिल्या दिवशी त्यांच्या बेसिनमध्ये ओकलो. पाचव्या-सहाव्या वेळी मधलं एक निघालं जे मी इतकी वर्षं गाळत होतो. दाराआड एक कुत्रं होतं, आणि मी त्या कुत्र्याकडे बघत होतो म्हणून पुढचं दोन सेकंद उशिरा दिसलं. मी स्वतःला सांगत आलो होतो की घाबरलो म्हणून उशीर झाला. घाबरलो नव्हतो, कुत्रं होतं. एवढ्याशा गोष्टीने माणूस किती हलका होतो ते सांगून कळणार नाही. अकराव्या बुधवारी काय झालं सांगू? स्वतःच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसाची टेप ऐकताना मला जांभई आली. मॅडमना सांगायला लाज वाटली, तर त्या म्हणाल्या, याच जांभईची मी वाट बघत होते.

दुसरा भाग यादीचा. जे जे टाळतो ते लिहायचं आणि शून्य ते शंभर मार्क द्यायचे, त्रास किती. एसटीत मधल्या सीटवर बसणं, चाळीस. पंगतीत दाराकडे पाठ करून जेवणं, सत्तर. बाजाराच्या दिवशी गर्दीतून एकटं जाणं, नव्वद. मग खालून सुरू करायचं, चाळीसवाल्यापासून, त्रास अर्ध्यावर येईपर्यंत तिथेच बसून राहायचं. पळायचं नाही. आपण रायफल झिरो करतो ना, तीन मारा, बघा, थोडं सरकवा, परत तीन. तसंच आहे हे.

पूर्ण गेलं का? नाही. पण आधी ते येऊन बसायचं, आता येतं आणि जातं.

त्या रेघेबद्दल मी काही बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण ती भावाला सांगा. व्याह्यांच्या आधी.

समुपदेशक (जळगाव)

वरच्या भाऊंनी जे केलं ती नीट तपासलेली पद्धत आहे, पण ती जाणकाराबरोबरच करावी, घरी एकट्याने टेप लावून सुरू करू नये. दोन-तीन गोष्टी जोडते.

लग्नाचा दिवस परीक्षेचा दिवस करू नका. यादीत पाठीमागून वाजणारा बॉम्ब शंभरवर असेल तर त्याला शेवटी हात घालायचा असतो, आणि तुमच्या हातात जेमतेम दीड-दोन महिने आहेत. त्या एका दिवसापुरते कानात प्लग चालतील. रोज मात्र घालू नका, सतत शांततेत ठेवलेले कान आणखी हळवे होतात. रातकिड्यांसाठी कानाच्या डॉक्टरकडून ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या, तो त्रास वेगळा आहे आणि त्यावरही काम होतं.

तोफखान्यातल्या माणसाला लाज वाटावी असं यात काही नाही. या त्रासाला ‘शेल शॉक’ हे नाव डॉक्टरांच्या साप्ताहिकात पहिल्यांदा छापून आलं ते १९१५ साली. तोफगोळ्यांवरून पडलेलं. आज त्याला पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) म्हणतात, ते नाव १९८० पासूनचं.

तुमच्या लिहिण्यातच एक उत्तर आहे. सांगून येणारा आवाज तुम्हाला चालतो. मग व्याह्यांकडे फटाके बंद करायला कशाला सांगता? कधी वाजणार ते आधी कळवा, एवढंच मागा.

रात्री फारच जड झालं तर १४४१६, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाईन. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास, मराठीत बोलतात.

गिरणाकाठचा फौजी

उत्तर द्यायला उशीर झाला, कपाशीची शेवटची वेचणी होती.

बायकोला सांगितलं. शेतातच, वेचता वेचता, दोघांच्या तोंडासमोर वेगळी वेगळी ओळ होती म्हणून जमलं. पूर्ण ऐकून घेतलं, हात थांबवला नाही. मग विचारलं, त्या पोराचं नाव काय होतं? मी सांगितलं. म्हणाली, "हे नाव तुम्ही झोपेत घेता." धुळ्याच्या ताई, तुम्ही जिंकलात.

पारोळ्याला दोघं गेलो. बायको विहीणबाईंकडे आत गेली, पण मला राहवलं नाही, मी व्याह्यांना बाहेर ओट्यावर सांगूनच टाकलं. रेघेचं नाही, फटाक्याचं आणि पुतण्याच्या गालाचं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "एवढं तोंड करून आलात, मला वाटलं लग्न मोडताय." मग म्हणाले पोरांची हौस आहे, अजिबात नको म्हटलं तर लपून वाजवतील, ते जास्त वाईट. खरं आहे. ठरलं ते असं: फटाके फक्त देवळापाशी, मांडवाकडे एकही नाही, आणि वात लावायच्या आधी मला फोन.

फोन कोण करणार, यावर पुतण्या म्हणाला मी करतो. त्याला मी अजून काही सांगितलेलं नव्हतं. बायकोने सांगितलं असणार.

नाशिकची पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे.

गिरणाकाठचा फौजी (दोन महिन्यांनंतर)

लग्न झालं. ज्यांनी निरोप विचारला त्यांच्यासाठी लिहितोय.

पुतण्याचा पहिला फोन आला, "काका, दोन मिनिटांत दहा हजारांची लड." मी मांडवाच्या खांबाला पाठ लावून उभा राहिलो, मफलर होताच (रावेरकर, आभार). तो फोनवरच राहिला आणि मोजायला लागला, पाच, चार, तीन. शेवटी ‘फायर’ म्हणाला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लड वाजली तेवढा वेळ मी खांब धरून होतो, तळहाताला खांबाच्या सुतळीचे वळ उठले, पण उभा होतो. नवरदेव आला, मंगलाष्टका झाल्या.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पंगती बसल्या, वरण-बट्टी वाढत होते, मी वांग्याच्या भाजीची बादली घेऊन दुसऱ्या पंगतीत होतो, तेवढ्यात आचाऱ्याच्या मागे कुणाच्या तरी पोराने एक सुतळी लावलाच. बादली गेली. मी दोन ओळींच्या मधे, पत्रावळींवर, पालथा. एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या धोतरावर सगळा रस्सा. मंडप गप्प झाला. पुतण्या धावत आला, पण हात नाही लावला, समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "काका, काही नई व्हयनं." मग म्हाताऱ्याने धोतर झटकलं आणि ओरडला, "अरे भाजी आणा दुसरी, हा काय उपाशी ठेवतो का मला?" लोक हसले. मी उठलो, कपडे बदलले, परत वाढायला गेलो. हात थरथरत होता म्हणून बादली दिली नाही, मीठ दिलं वाढायला.

नाशिकच्या दोन बैठका झाल्यात. काय काय होतं ते सातपुडावाल्यांनी लिहिलंय तसंच आहे, माझ्याच्याने जास्त लिहवत नाही. मॅडमनी यादी करायला सांगितली. त्यात मी ‘माझ्या पाळीला दुसरा जाणं’ असं लिहिलं आणि पंच्याण्णव मार्क दिले. त्या म्हणाल्या इतक्यात नको, पुढे बघू.

पण परवा रात्रीची लाईट होती, बारा ते सहा, पाळी माझी. जेवताना भाऊ म्हणाला, "लग्नाचा थकलायस, मी जातो." आणि लगेच गप्प झाला, मागचं आठवून. मी त्याला रेघेचं सांगितलं. ताटावरच. तो खाली बघून भाकरी कुस्करत राहिला. भाकरी कुस्करून पीठ झालं तरी कुस्करतच होता. मग मीच म्हणालो, जा.

तो गेला. मी रात्रभर ओट्यावर बसून होतो. बाराला मोटार लागल्याचा आवाज आला, दोनला बंद पडली, परत लागली. बॅटरीचा उजेड वाफ्यावाफ्यातून हलताना दिसत होता, तो मोजत होतो. तीनदा चप्पल पायात घातली, तीनदा काढली. साडेसहाला तो गुडघ्यापर्यंत चिखलात दारात आला, फावडं भिंतीला टेकवलं आणि म्हणाला, "फ्यूज दोनदा उडाला. वरचे चार वाफे राहिले, ते तू भर उद्या."